उजव्या खांबातली नळी

सिरुसेरी, ९ नोव्हेंबर २००५

ती. सौ. शशीताईस,
सिद्धार्थचा सा. न. वि. वि.

फोन तू मध्येच ठेवून देतेस, म्हणून पत्र. सहा महिने परदेशी होतो तेव्हा गाडी विश्वासाने तुमच्याकडे ठेवली, ती डबकं होऊन परत मिळाली. गालिचा पिळला तर पाणी निघतं, सीटवर बुरशी आली आहे. रुचिराला आठवा लागलाय, त्या वासाने तिला मळमळतं. भावोजींनी पावसात सनरूफ उघडं ठेवलं आणि कबूल करायची हिंमत झाली नाही, दुसरं काय? आवडीच्या कारखान्यात रणगाडे जोडणाऱ्या माणसाला असल्या गाड्या कळत नाहीत, हे मला आधीच उमगायला हवं होतं.

राग येईलच. येऊ दे, पण लोभ तोडू नकोस.
सिद्धार्थ

आवडी, १४ नोव्हेंबर

चि. सिद्धार्थ यास,
अनेक उ. आशीर्वाद.

सनरूफ एकदाही उघडं राहिलं नाही. गाडी आमच्या क्वार्टरपुढे कडुनिंबाखाली असायची, तेवढा दोष आमचा. छतावरच्या त्या सरकत्या काचेच्या कोपऱ्यांत बारीक भोकं असतात. कडेने झिरपलेलं पाणी तिथून दारापुढच्या खांबातल्या नळीवाटे बाहेर जातं. ऑक्टोबरात गालिचा ओला लागला तेव्हा ह्यांनी दोन रविवार खपून भोकं शोधली. पाल्याने तुंबली होती. डावीकडचं मोकळं झालं, उजवीकडचं हट्टी निघालं.

हेच सांगायला ते किल्ली घेऊन स्वतः आले होते. तू वॉचमनसमोर किल्ली ओढून घेतलीस आणि फिटरच्या हाती गाडी दिली हीच चूक झाली, असं म्हणालास. त्या दिवसापासून ह्या घरात माझ्या माहेरचा विषय निघत नाही.

तरी त्यांनी लिहायला लावलंय ते लिहिते. एन्नोरच्या किनाऱ्यावर कोळ्यांकडे असते तसली जाड नायलॉनची दोरी हलक्या हाताने फिरवत भोकात घाल. मग वाटीभर पाणी ओत. गाडीखाली ठिबकलं की झालं. पंपाची हवा मारू नकोस, आत सांध्यातून नळी निसटते. पुढे दर दोन महिन्यांनी कडेची पन्हळ ओल्या फडक्याने पूस.

रुचिराला जप. आशीर्वाद तिलाच जास्त.
शशीताई

सिरुसेरी, १९ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

नळीपुराण पोहोचलं. टायरवाल्याकडे जोरात हवा मारून घेतली, दोन मिनिटांत काम फत्ते. फिटरसाहेबांना कळव, आणि यापुढे सल्ले नकोत.

सिद्धार्थ

सिरुसेरी, ६ डिसेंबर

ती. सौ. शशीताईंना,
रुचिराचा शि. सा. न.

भावोजी घरी गेल्यावर बोलले असतील की नाही, माहीत नाही, म्हणून लिहिते. शनिवारी तपासणीहून परतताना मुसळधार पावसात उजव्या खांबाखालून पाण्याची धारच लागली. ते वायरींवर गेलं आणि गाडी भररस्त्यात बंद पडली. दारांच्या काचाही उतरेनात. मागून बस हॉर्न देत होत्या, हे बाहेर गुडघाभर पाण्यात गाडी ढकलत होते. माझं पोट दुखायला लागलं तेव्हा, तुम्ही आमचा फोन ठेवून द्याल या भीतीने, मीच तुमच्या शेजारच्या अलमेलूमामींना फोन करून निरोप दिला.

भावोजी ट्रेन, बस आणि शेवटचे दोन मैल पायी असे आले. आधी रिक्षा शोधून मला दवाखान्यात पोहोचवलं. बाळ ठीक आहे. रविवारी त्यांनी खांबावरचं आवरण काढलं. नळी सांध्यातून सुटून लोंबत होती. त्यांनी ती बसवून क्लिप लावली. हे शेजारी उभे होते. भावोजी आमच्याकडे पाणीही न पिता गेले.

माझ्यावर तरी माया असू द्या.
रुचिरा

आवडी, १३ डिसेंबर

चि. सिद्धार्थ यास आशीर्वाद.

परवा रविवारी तू आलास आणि बंद दाराशी दीड तास पायरीवर बसलास. आम्ही दोघंही घरात होतो. चूक माझी होती, मी तुमचा अपमान केला, हे तू म्हणालास तेही ऐकलं. शेजारच्यांनीही ऐकलं.

मी कडीला हात लावला, तर ह्यांनीच अडवलं. एका माफीत सगळं मिटतं असं त्याला वाटायला नको, म्हणाले. मला ते पटलं. तू गेल्यावर मात्र बराच वेळ खिडकीत तेच उभे होते.

बाळंतपणाला रुचिराला इकडे पाठव. माझ्या खोलीत तिची खाट घातली आहे. तू पुढच्या रविवारी ये. दार उघडेलच असं नाही. तरी ये.

शशीताई