जिन्यावरची खुर्ची

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौतीस, धंदा पडदे शिवणे, राहणार चौथा मजला, लिफ्ट नाही, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. छातीच्या डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. डोके तपासायला त्यांना पाच मिनिटे लागली. फुफ्फुसांचे निदान व्हायला दोन वर्षे गेली होती. ती हळूहळू राठ होत चालली आहेत आणि पुन्हा मऊ होणार नाहीत. औषधांनी वेग कमी होतो, एवढेच. मी लिहायला बसले तेव्हा नवरा म्हणाला, आत्ताच कशाला. मी त्याला सोयीची तारीख विचारली. तो चहा करायला निघून गेला. सबब हे मृत्युपत्र मी राजीखुशीने आणि चहा येईपर्यंत एकटीने सुरू केले आहे.

१. राहते घर नवऱ्याच्या आणि माझ्या नावावर आहे. माझा अर्धा हिस्सा मुलीला द्यावा. नवऱ्याने तिथे तहहयात राहावे. त्याने पुन्हा लग्न केल्यास माझी हरकत नाही. नव्या बाईंना बाहेरच्या खोलीतले पडदे बदलायचे असतील तर त्यांनी खुशाल बदलावेत. तो रंग सासूबाईंनी निवडला होता. पडदेवालीच्या घरात असले पडदे, हे मी आठ वर्षे मुकाट्याने सोसले आहे.

२. बँकेतली ठेव मुलीच्या शिक्षणासाठी आहे. तिला हात लावू नये.

३. शिलाई मशीन माझ्या दुकानातल्या इस्त्रीवालीला द्यावे. मला स्टुलावर चढवेनासे झाल्यापासून गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन पडदे तीच टांगते आणि नाव माझे होते. मोठी कात्री मुलीची. तिने शिवण शिकलेच पाहिजे असे नाही, पण त्या कात्रीने कागद कापायचा नाही. ही अट नवऱ्याला उद्देशून आहे. त्याला कारण माहीत आहे.

४. ऑक्सिजनचे मशीन इस्पितळाचे आहे, ते परत करावे. मात्र लगेच नको. त्याच्या घरघरीशिवाय मुलीला झोप येत नाही. सुरुवातीला ते तिच्या खोलीत नुसतेच चालू ठेवावे, मग दाराबाहेर, मग बंद. विजेच्या बिलावरून कुणी कुरकुर करू नये.

५. सासूबाईंविषयी. मला हा आजार कापडाच्या धुळीने, म्हणजे माझ्या हट्टाने जडला, असे त्या येईल त्या पाहुण्याला सांगतात. कारण सापडलेले नाही, असे डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितले आहे. पण डॉक्टर वयाने लहान, म्हणून ते धरायचे नाही. हा राग मी सोबत नेणार आहे, त्याची वाटणी नाही. मुलगी तान्ही असताना मी खोकत बसायचे आणि त्या तिला खांद्यावर घेऊन फिरायच्या, हेही मी विसरलेले नाही. माझ्या सगळ्या शाली त्यांना द्याव्यात.

६. आता मुलगी. हे सगळे लिहायचे कारण ती आहे.

ती सात वर्षांची आहे. ती चालायला शिकत होती तेव्हा मी थांबायला शिकत होते, आणि ती दोन्ही एकदमच शिकली. तिची फुफ्फुसे ठणठणीत आहेत. तसा तपासणीचा अहवाल कपाटात वरच्या खणात आहे. तरी ती प्रत्येक मजल्यावर थांबते, कठडा धरते, लांब वाक्य मध्येच सोडून देते. मूळचा भरभर चालणारा माझा नवराही हल्ली बाजारात एकटा असला तरी दर दुकानाशी रेंगाळतो. आमचे सगळे घरच माझ्या चालीने चालते.

मागच्या महिन्यात खेळाच्या बाईंनी आम्हाला शाळेत बोलावून मुलीला काय त्रास आहे, असे विचारले. शर्यतीत ती सगळ्यांच्या पुढे होती. अर्ध्यावर थांबली, गुडघ्यांवर हात टेकले आणि मागून येणाऱ्या मुलींना म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच."

हे वाक्य माझे आहे. मी ते दिवसातून कितीदा म्हणते ते त्या दिवशी मला कळले. घरी येऊन मुलीला विचारले, तर ती म्हणाली की शर्यत लांब होती, मध्ये थांबायचे असतेच ना. सासूबाईंनी तिला स्वेटर चढवला आणि निकाल दिला, "आईवर गेलीय. पळवू नका पोरीला."

मला मरणाची भीती वाटते, पण या वाक्याची जास्त वाटते. मी गेल्यावर माझ्या मुलीने माझा आजार माझी आठवण म्हणून सांभाळावा, हे मला मान्य नाही.

म्हणून मुलीने राहावे वडिलांजवळ, जेवावे-झोपावे आजीजवळ; पण तिचे चालणे, धावणे, पोहणे आणि भांडणे माझ्या धाकट्या बहिणीच्या ताब्यात असावे. तिला सगळे वादळ म्हणतात. लहानपणी शाळेत जाताना ती एकदाही माझ्यासाठी थांबली नाही. तो राग मी आजवर जपला होता. आज त्याच गुणासाठी तिची नेमणूक करते. तिच्या आवाजाबद्दल सासूबाईंची तक्रार चालणार नाही.

७. दुसऱ्या मजल्यावर कंपाउंडर काकांच्या दाराबाहेर एक खुर्ची आहे. ती माझ्या मालकीची; वर चढताना दम घ्यायला जागा हवी म्हणून त्यांनी ठेवू दिली.

काल इस्पितळातून परतताना मी नेहमीप्रमाणे तिच्यावर बसले. मुलगी शेजारी कठडा धरून उभी राहिली. मी म्हटले, "तू जा वर."

"आणि तू?"

येतेच म्हणायची सवय आहे. ते मी गिळले. "मी बसलेय. तू पळत जा आणि पळत ये."

पहिल्या पायऱ्या ती माझ्यासारखीच चढली. मग पावले भराभर वाजू लागली, आमच्या दाराची घंटा वाजली, सासूबाईंचा आवाज आला आणि पावले परत खाली आली. तिचा चेहरा लाल झाला होता. तिने माझा हात आपल्या छातीवर ठेवला. डोळ्यांत पाणी होते.

"आई, मलापण झालं."

मी तिला मांडीवर घेतले. म्हटले, "थांब जरा. तुझी जाते."

आम्ही थांबलो. तिची धाप गेली. अशी धाप जाते, हे तिला ठाऊकच नव्हते. घरात तिने ती कधी जाताना पाहिली नव्हती. तिने दोनदा मोठा श्वास घेऊन खात्री केली आणि विचारले, "परत जाऊ?"

मी जा म्हटले.

माझ्या पश्चात ती खुर्ची त्याच दिवशी तिथून हलवावी. आठवण म्हणून कुणी ती जागेवर ठेवू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला. मध्ये बरेचदा थांबले ते श्वासासाठी, विचार बदलला म्हणून नव्हे.

स्थळ: वरील चौथा मजला
तारीख: दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू होण्याआधीचा रविवार
सही: पडदेवाली

साक्षीदार:
१. कंपाउंडर काका, दुसरा मजला
२. छातीच्या डॉक्टर (चार मजले चढून आल्या, त्यांनाही धाप लागली)

बाईंनी आमच्यासमक्ष, पूर्ण शुद्धीत सही केली. त्या वेळी त्यांची मुलगी जिन्यावरून वर-खाली पळत होती. ती मध्ये कुठेही थांबली नाही, हे आम्ही दोघांनी ऐकले.