आमेनच्या आधी

सोमवार, १२ मे

चि. ताईस,
अ. आ.

मामाने काल भिंगरीला तुझ्या दारात सोडल्याचं कळवलं. घर सुनं झालंय. पण आधी तुझ्या लेकीचं कौतुक ऐक. तीन आठवड्यांपूर्वी आली तेव्हा ही पोर चर्चच्या उपासनेत पाच मिनिटं एका जागी टिकत नव्हती. बाकाखाली शिरायची, पुढच्या बाईच्या वेणीशी खेळायची, ऐन उपदेशात संपलं का म्हणून विचारायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तीस वर्षं शाळेत वर्ग सांभाळले आणि नात हाताबाहेर!

मग मी मनावर घेतलं. आमेनच्या आधी तोंड उघडायचं नाही, कुणाला हात लावायचा नाही, मोठी माणसं बोलताना मध्ये पडायचं नाही. चुकली की घरी आल्यावर अर्धा तास भिंतीकडे तोंड. तू नाक मुरडशील, पण तुलाही असंच वाढवलं, तुझं काय वाकडं झालं?

काल तर कमाल झाली. पाळकांच्या लांबलचक प्रार्थनेत पोर माझ्या शेजारी गुडघ्यांवर, हूं की चूं नाही, आणि गालांवरून धारा. पाळकांच्या बायकोने पाहिलं. बाहेर मला थांबवून म्हणाली, एवढ्याशा जिवाला देवाचा स्पर्श झाला. तिला कुठे ठेवू नि कुठे नको असं मला झालं बघ.

दुकानात दिवसभर उभी राहून पाय सुजवून घेऊ नकोस. आईची आठवण असू दे.

तुझी आई

शुक्रवार, १६ मे

ती. आईस,
सप्रेम सलाम.

देवाचा स्पर्श नव्हता तो. रविवारी भिंगरी डाव्या हाताने जेवायला लागली, म्हणून मी तिचा उजवा हात खिशातून ओढून काढला. दोन बोटं काळीनिळी, सुजून टम्म. एकाचं हाड मोडलंय. दुसऱ्याचं नख जाणार आहे.

पुढच्या बाकाला लावलेली गुडघे टेकायची फळी तिनेच तुझ्यासाठी खाली केली. बोटं फळीच्या पायाखाली होती आणि तू टेकलीस. आमेन होईपर्यंत तू माझ्या मुलीच्या बोटांवर होतीस, आई.

नंतर का सांगितलं नाहीस, असं मी तिला विचारलं. आमेननंतर लगेच गाणं होतं. गाण्यानंतर तू पाळकांच्या बायकोशी बोलत होतीस. मग मामाला गाडी गाठायची घाई होती. तुझा एकही नियम तिने मोडला नाही.

पाय बरे आहेत.

ताई

मंगळवार, २० मे

चि. ताईस,
अ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पण मला काय स्वप्न पडलं होतं? डोळे मिटलेले, फळीवर जाड गादी. मी काही राक्षसीण नाही गं. तिने नुसती माझी बाही ओढली असती तरी मी उठले असते.

हे वाक्य लिहून पत्र दोन दिवस तसंच ठेवलं होतं. आता खरं लिहिते. तिने बाही ओढली होती. एकदाच. मी डोळे न उघडता तिचा हात झटकला, आणि वर दटावलंसुद्धा.

पुढच्या सुट्टीत तिला पाठव. उपासनेला नेणार नाही, हवं तर मीही जाणार नाही. तिला अंगणात दंगा करू दे, घर डोक्यावर घेऊ दे. मला तिची माफी मागायची आहे आणि ती पत्रात मागता येत नाही. एवढा लोभ कर.

आई

शनिवार, ३१ मे

ती. आईस,
सप्रेम सलाम.

बाहीचं तू लिहिलंस, ते बरं केलंस. भिंगरीने ते मला अजूनही सांगितलेलं नाही.

काल डॉक्टरांनी नख काढलं. भुलीचं इंजेक्शन नीट लागलं नव्हतं, हे त्यांच्याही उशिरा लक्षात आलं, कारण ही खुर्चीत पुतळ्यासारखी. ते म्हणाले, एवढं शहाणं मूल मी पाहिलं नाही. त्यांना मी काय सांगणार? मीच तिचे खांदे धरून म्हटलं, ओरड, बोंब मार, सगळा दवाखाना गोळा कर. तिने दाराकडे पाहिलं. बाहेर माणसं बसली होती. मग तिने माझ्या कानाशी येऊन विचारलं, किती मोठ्याने ओरडलं तर चालेल.

मलाही ते कधी माहीत नव्हतं. हे न विचारता तिला ओरडता येईल, तोवर तिला पाठवणार नाही. तुझ्यावरची माया गेली नाही, पण सध्या ती मागू नकोस.

ताई