टाकीतले शिंपले

सुरत, २५ सप्टेंबर १९९४

हे सकाळपासून म्हणताहेत, "प्लेग आहे, आजच नंदुरबारला निघू." पण कॉलेजच्या टाकीत मी सांभाळलेल्या, काचेसारख्या पातळ कवचाच्या काचशिंपल्यांचं काय? आपल्या किनाऱ्यावर ते जवळजवळ संपलेत. दोन देशांचे शास्त्रज्ञ मिळून त्यांची पैदास करणार होते. दुपारी त्यांचा फोन आला, सुरतेहून आता काहीच नेता येणार नाही.

तोंडाला रुमाल बांधून आम्ही दोघं कॉलेजात गेलो. शुकशुकाट होता. एक शिंपला उघडाच. बोट लावलं तरी मिटेना. मेला असेल? बाकीचे जिवंत होते. बादलीतून नेऊन हजीऱ्याच्या खाडीत सोडले. तो उघडाही सोडला, न जाणो.

परतताना स्कूटरवर यांना खोकला आला. "धूळ गेली," म्हणाले. आता आत सामान भरताहेत, आणि माझा कान तिकडेच आहे.