माणसं बसवून आवळायचे नट

मामंजी, नळाला पाणी आलं होतं. मी दुसरी कळशी ओट्यावर ठेवत होते, कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती, आणि अंगणातून तुमची हाक आली, "सूनबाई, चौदाचा पाना!" गॅस बारीक केला, पदर खोचला आणि पाना घेऊन बाहेर आले. गाडीखालून फक्त तुमचे पाय दिसत होते. शेजारी गाडीच्या दुरुस्तीचं जाड इंग्रजी पुस्तक आणि त्याच्यावर तुमचा चहाचा कप. पुस्तकाचा तुम्ही तेवढाच उपयोग करत होतात.

गाडी यांची. अंबरनाथच्या कारखान्यातला एक साहेब गाव सोडून निघाला तेव्हा यांनी घेतली होती. लाल, उघड्या टपाची, जुनी स्पोर्ट्स मोटार, दोनच माणसं मावतील अशी. "आम्ही म्हातारी दोघं काय बॉनेटवर बसू?" असं सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. हे गेले आणि गाडी दोन वर्षं ताडपत्रीखाली पडून राहिली. मग सोनिवलीला बिल्डिंगा बांधणाऱ्या एका माणसाने ती मागितली, रविवारी बघायला येतो म्हणाला. तुम्ही हो म्हणालात. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं. यांच्या शेजारी बसून मी त्या गाडीतून बारवी धरणापर्यंत गेले होते. माझं आयुष्यातलं फिरणं तेवढंच.

पण मोडकी वस्तू माझ्या घरातून जाणार नाही, हा तुमचा हट्ट. तीस वर्षं फिटर होतात तुम्ही. पुढची चाकं धरणाऱ्या दांड्यांमधल्या रबरी बुशांचा चुरा झाला होता. असल्या गाडीचे बुश मिळणार कुठे? आपण उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात गेलो. तिथल्या सिंधी दुकानदाराने जुना बुश बोटांत दाबला, त्याचा वास घेतला आणि म्हणाला, "भाभी, परसों ले जाना. ओरिजिनल से बढ़िया निकलेगा." रिक्षात तुम्ही घरापर्यंत पुटपुटत होतात की ओरिजिनलपेक्षा बढिया असं जगात काही नसतं. बुश उत्तम निघाले. ते मात्र तुम्ही शेवटपर्यंत कबूल केलं नाहीत.

मी सातवी शिकलेली. डिक्शनरी घेऊन ते पुस्तक वाचायला बसले की एका पानाला अर्धी दुपार जायची. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, या दांड्यांचे नट गाडी चाकांवर उभी करून, आत दोन माणसं बसवून मगच आवळायचे. मी सांगितलं. "पुस्तक वाचून नट आवळतात होय?" म्हणत तुम्ही गाडी जॅकवर असतानाच, चाकं लोंबकळत असताना, सगळे नट करकचून आवळलेत. जॅक काढला तर गाडी खाली बसेचना. नाक वर करून उभी. सासूबाई दारातून म्हणाल्या, "ही कुणावर रुसलीय?"

तुम्ही हात पुसलेत, चहा संपवलात आणि भिंतीकडे बघत विचारलंत, "दोन माणसं किती वजनाची, ते लिहिलंय का?"

नट पुन्हा सैल केले. चाकांखाली फळ्या घातल्या, आपण दोघं खाली आणि आत सासूबाई, शेजारी पलीकडच्या घरातल्या मावशी. सासूबाई स्टिअरिंगमागे मेथीची जुडी घेऊन बसल्या.

"हलू नका गं!" तुम्ही खालून ओरडलात.

"श्वास घेऊ का, तेही पुस्तकात बघा."

"वहिनी, तुमची बाजू जरा जास्तच खाली गेली हो," मावशी म्हणाल्या.

"मग तू काय फुगा आहेस?"

गाडी हसण्याने हलायला लागली. तुम्ही पाना आपटलात. मग गाडी हलायची थांबली. सासूबाई म्हणाल्या, "स्टिअरिंगला त्याच्या हाताची जागा गुळगुळीत झालीय." तुम्ही पुढच्या नटाला पाना लावलात. थोड्या वेळाने मेथीची काडी माझ्या कपाळावर पडली आणि त्यांनी विचारलं, "झालं का? पाय अवघडले माझे."

आता जे लिहायचं ते. तुम्ही गेलात तिथे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणूनच धीर होतोय. शनिवारी तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा मी बॉनेट उघडून उजव्या शॉकअपचा वरचा नट चार आटे सैल केला. चाक निघणार नाही, नुसता आवाज येईल, एवढं मी पुस्तकात वाचलं होतं.

रविवारी तो माणूस गाडी घेऊन बदलापूर गावापर्यंत जाऊन आला. प्रत्येक खड्ड्याला टक्, टक्. उतरला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, फिटर ना तुम्ही? अख्खी गाडी बोंबलतेय." गेला तो परत आला नाही.

मग तुम्ही दुपारभर प्रत्येक नटाला पाना लावून पाहिलात, त्या एकाला सोडून. तो तुम्ही स्वतः, गाडीत माणसं बसवायच्या आधीच, दोनदा आवळला होता. त्याच्यावर शंका येणार कशी? संध्याकाळी स्वयंपाकघरात आलात, पाने फडक्यात गुंडाळून माझ्यासमोर ठेवलेत आणि म्हणालात, "हे तू ठेव. माझ्या हातांना आता कळत नाही." मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी विचारलं, "चहा ठेवू?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही भाजी आणायला गेल्यावर मी तुमच्याच पान्याने तो नट आवळला, आणि तुम्ही परत आल्यावर सांगितलं की आवाज आपोआप गेला.