‘चिपाड’ची चौदा मिनिटं

कोल्हापूर,
१२ ऑगस्ट २०२५

प्रिय क्रांती,

सप्रेम नमस्कार. पाकीट बघून तुला वाटलं असेल, कुणाच्या तरी बाराव्याचं कार्ड आलं. तसं काही नाही. मी जिवंत आहे. रक्तदाब आहे, रविवारच्या पुरवणीत विनोदी सदर आहे, आणि ते वाचून हसणारे सात-आठ सेवानिवृत्त मुख्याध्यापक आहेत. तुझा पत्ता पुण्याच्या ऋतानं दिला. फोन नंबरही दिलाय. पण फोनवर मी दुसऱ्याच वाक्याला विनोद करतो, हे तुला माहीत आहे. कागदावर निदान खोडता येतं.

चंदगडला पाऊस आहे का, हे विचारण्यात अर्थ नाही. तुझं काजू फोडायचं युनिट आहे, वीस बायका कामाला आहेत, मुलगा बेळगावला इंजिनिअरिंगला आहे, हे ऋताकडूनच कळलं. आनंद वाटला. सदरात हे वाक्य आलं असतं तर मी कापलं असतं, पण खरंच वाटला.

आता मुद्दा. ही ऋता सव्वीस वर्षांची आहे आणि कुणी न ऐकलेल्या बँडांच्या जुन्या कॅसेटी शोधून त्यांच्या तबकड्या काढते. तिला गोव्यात कुणाच्या तरी माळ्यावर आपली ‘चिपाड’ची कॅसेट सापडली. अकरा गाणी, चौदा मिनिटं. तिच्या मते आपण बहुधा पहिला मराठी हार्डकोर पंक बँड. तेव्हा कळलं असतं तर निदान अंघोळ करून गेलो असतो.

तबकडीबरोबर तिला बँडच्या इतिहासाची पुस्तिका हवी आहे. लिहायचं काम माझ्याकडे, कारण आपल्यात लिहिता मी. साधारण असं लिहिलंय:

‘गुऱ्हाळात उसाचा रस काढून घेतल्यावर जे उरतं ते चिपाड. १९९९ साली वडणगे रस्त्यावरच्या एका गुऱ्हाळात हा बँड जन्मला. गळीत संपलं की शेड सहा महिने रिकामी. मालक बाळासोंची अट एकच: “काय आरडायचं ते आरडा, फकस्त भट्टीत मुतू नका.” शार्दूलकडे गिटार आणि मंडपवाल्याकडून आणलेला, मधूनच आपोआप भजन लावणारा ॲम्प्लिफायर होता. गुंडू लग्नाच्या बँडमध्ये ढोल वाजवायचा; त्यात त्यानं एक दुधाची किटली जोडली आणि वेग चौपट केला. आणि कोडोलीहून एसटीनं येणारी, घरी कॉम्प्युटर क्लास सांगून येणारी क्रांती ओरडायची. गाणं मिनिटभराचं. दूध संस्थेच्या सभेवर तिनं लिहिलेलं “सभासद” तर चाळीस सेकंदांत संपायचं: “सभासद, सभासद, अंगठा दे, गप्प बस.” तिचे वडील हंबीरराव त्याच संस्थेचे चेअरमन होते.’

ऋतानं विचारलं, आवाजाला असा घुमारा कुठल्या मशीनवर दिला? मी म्हटलं, काहिलीवर. गूळ आटवायची ती भलीमोठी कढई पालथी घालून आपण तिच्याखाली टेपरेकॉर्डर ठेवला होता. पोरगी पाच मिनिटं लिहून घेत होती.

मग २००१ चा गणेशोत्सव. ठरलेला ऑर्केस्ट्रा आला नाही म्हणून गुंडूच्या ओळखीनं एका तालीम मंडळानं आपल्याला चढवलं. तीन गाणी झाल्यावर अध्यक्ष स्टेजजवळ येऊन म्हणाले, “पावणं, गाणं कवा सुरू हुनार?” हे मी तसंच ठेवलंय. शेवट असा: ‘त्यानंतर क्रांती यायची थांबली आणि बँड संपला.’

ऋताला एक कात्रणही सापडलंय. त्या कार्यक्रमावर पेपरात कुणा ‘पायताण’ नावाच्या माणसानं टिंगल केली होती, तुला आठवत असेल-नसेल. ते तिला पूर्ण छापायचंय, आणि मी पेपरात म्हणून हा पायताण कोण ते मी शोधायचं. असल्या जुन्या टोपणनावांचा कुठे पत्ता लागतो? असो.

गुंडूनं होकार दिलाय. सोबतच्या कागदावर तुझी सही हवी. ती नसेल तर काहीच निघणार नाही, कारण आवाज तुझा आहे. महिनाअखेर छपाई आहे.

तुझा जुना गिटारवाला,
शार्दूल


चंदगड,
२१ ऑगस्ट २०२५

शार्दूल,

नमस्कार. तुझं पत्र आलं तेव्हा पोस्टमन पाकीट असं धरून आला की माझ्या बायका काजू फोडायच्या थांबल्या. चिमणाबाई म्हणते, “वैनी, कोर्टाचं हाय काय?” मी म्हटलं, तसलंच हाय.

इतिहास वाचला. किटलीचं वाचून हसले. पण ‘क्रांती यायची थांबली’ म्हणजे काय रे? मी थांबले व्हय? मला थांबवलं.

कात्रण आठवत असेल-नसेल म्हणतोस. पाठ हाय की मला. दादांनी, म्हणजे तुमच्या त्या चेअरमनसाहेबांनी, सोप्यात बसून तीनदा मोठ्यानं वाचलं. त्यात माझं नाव नव्हतं, पण ‘बापाचा फेटा पोटाला करकचून बांधून किंचाळणारी कन्या’ असं होतं. दादा आठ दिवस फेटा शोधत होते. वाचून उठले, माझी ट्रंक उघडली, फेटा काढला, नाकाला लावला. घामाचा वास. मारलं न्हाय. आईला म्हणाले, “सोमवारपासनं हिचा क्लास बंद.” मार्गशीर्षात लग्न. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष राहिलं ते राहिलंच. नवरा चांगला मिळाला, ते माझं नशीब. त्यात त्या पेपरवाल्याचं काही न्हाय.

आता हे नीट वाच. स्टेजवर फेटा सदऱ्याच्या आत होता. कुणालाच दिसला न्हाय. माहीत तिघांना. मला, तुला, आणि गुंडूला, कारण ओरडून पोट दुखतंय म्हटल्यावर त्याच्या क्लॅरिनेटवाल्या मामासारखं पोट बांधायला त्यानंच शिकवलं. तू मास्तरांचा पोरगा, शपथ घातली की गप्प बसणारा. गुंडूचं तोंड म्हणजे चावडी. कुठंतरी चहा पिताना बोलला असणार आणि ते पेपरवाल्यानं उचललं.

लग्नानंतर दोन महिन्यांनी गुंडू इथं आला होता. अंगणात उभा, हातात आपली कॅसेट. सासूबाईंनी विचारलं, “कोण गं?” मी म्हटलं, ओळखत न्हाय. तो तसाच वळला आणि त्याच एसटीनं परत गेला.

गुंडूचं नाव पुस्तिकेत असेल तर माझी सही न्हाय. कागद कोराच परत पाठवलाय. ऋताला तसं सांग.

आणि तो पायताण सापडला तर कळव. मला त्याला काही बोलायचं न्हाय. फक्त बघायचंय, दिसतो कसा.

क्रांती


कोल्हापूर,
३० ऑगस्ट २०२५

क्रांती,

पायताण कसा दिसतो ते तुला माहीत आहे. दोन वर्षं दुपारच्या सरावाला तू त्याला बघत होतीस. तो तुझ्या डाव्या हाताला, गिटार घेऊन उभा असायचा.

हे वाक्य लिहायला मला सहा दिवस लागले. तुझं पत्र वाचल्यावर पहिल्यांदा मनात काय आलं सांगू? सुटलो. तुझा संशय गुंडूवर होता आणि मी शपथ पाळणारा मास्तरांचा पोरगा होतो. ऋताला ‘पायताण सापडला नाही’ असं कळवलं की विषय मिटला. तो मजकूर मी फोनमध्ये टाइपसुद्धा केला. शुद्धलेखन तपासलं. नंतर पुसला, पण तपासलं होतं, हे तुला सांगायला हवं.

का लिहिलं, याचं एक बरं दिसणारं उत्तर माझ्याकडे बरीच वर्षं तयार आहे: मी बावीस वर्षांचा होतो, कार्यक्रमाला बाबांच्या शाळेतले दोन मास्तर आले होते, गल्लीत सगळे विचारत होते, “काय शार्दूल, कोंबडी कापत होता काय?” म्हणून मी हसणाऱ्यांच्या बाजूला जाऊन बसलो. हे खरं आहे, पण हे वरचं वरचं झालं. लोक आधी आपल्याला हसले. मग तू ‘सभासद’ सुरू केलंस आणि पुढच्या रांगेतल्या बायका हसायच्या थांबल्या. एकीनं तर पदर तोंडावरून काढला आणि बघत राहिली. तुझ्याकडे. माझ्याकडे त्या दिवशी कुणी बघितलंच नाही. बँड माझा आहे, असं मी समजत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी लिहिलं, तासाभरात. फेट्याचं वाक्य शेवटी घातलं, कारण लेखाला एक ठसका कमी पडत होता. त्याच वाक्याला संपादक मोठ्यानं हसले आणि मला म्हणाले, “दर आठवड्याला लिहा.” माझी सगळी लेखणी त्या वाक्यावर उभी आहे. तू यायची बंद झालीस तेव्हा मी कोडोलीला विचारायलाही गेलो नाही. मला कारण माहीत होतं.

परवा गुंडूकडे गेलो. त्याची आता स्वतःची बँड कंपनी आहे, गणपतीचे दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. तो ढोलाच्या दोऱ्या आवळत होता. मी उभ्याउभ्याच सांगितलं. आधी त्याला वाटलं, थट्टा करतोय.

“तिला वाटलं, तू कुणाला तरी बोललास,” मी म्हटलं.

“मी? पोटाचं?” तो दोरी ओढतच होता. “आरं, बहिणीगत पोरगी. तिच्या पोटाचं मी चारचौघांत बोलीन व्हय?”

त्यानं दोरीला गाठ मारली. मग म्हणाला, “शार्दूल्या, मी चंदगडला गेलतो. ती म्हणाली वळकत न्हाय. मला वाटलं, बरोबर हाय, मोठ्या घरची सून, दारात लग्नातला बँडवाला आला, लाजली आसंल. चोवीस वर्सं मी तेच धरून बसलोय. मी बँडवाला म्हणून.”

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यानं हात वर केला. “थांब. आता बोललास तर कायतरी मजेशीर बोलशील.”

खरंच माझ्या तोंडात एक वाक्य तयार होतं.

निघताना म्हणाला, “तिला सांग, गुंडू हाय हितंच. यायचं तर तिनं यावं, न्हायतर मी जातो. तू मधी पडू नगंस.”

ऋताला मी पायताणचं नाव सांगितलं. मग तिनं विचारलं, “छापू का?” मी म्हटलं, ते क्रांती ठरवेल, ते कात्रण छापलं तर तो फेटा पुन्हा एकदा सगळ्यांपुढे सोडला जाईल. छपाई तिनं थांबवली आहे, किती दिवस लागतील ते लागोत.

आणखी एक कबुली. रविवारच्या सदरासाठी मी हे सगळं लिहिलंही होतं, माझ्या खऱ्या नावानं, माफीसकट. चांगलं झालं होतं. दोन जागी मला स्वतःलाच भरून आलं. तेव्हा लक्षात आलं की मी पुन्हा तुझ्यावर लिहितोय आणि पुन्हा तुला विचारलेलं नाही. फाडून टाकलं.

पुस्तिकेतला इतिहास मी लिहिणार नाही. ऋता तुझ्याकडे येईल, गुंडूकडे जाईल. मी लिहिलेलं ‘यायची थांबली’ काढून टाकायला सांगितलंय. तिथे काय हवं ते तू सांग. गिटार कुणी वाजवली, हे छापायचं की नाही, तेही तुम्ही दोघं ठरवा. नाव गाळलंत तरी चौदा मिनिटांत फारसं बिघडत नाही, परवा कॅसेट ऐकली, मी सगळीकडे अर्धा ठोका मागेच आहे.

सही नसलेला कागद परत पाठवतोय. गुंडूचा पत्ता त्याच्या मागे आहे. त्यानंच लिहायला सांगितला. त्याचं अक्षर लागत नाही, म्हणाला.

‘लोभ असावा’ लिहायची पद्धत आहे. ते मागत नाही. कळावे, एवढंच, आणि तेही चोवीस वर्षं उशिरा.

शार्दूल