उतारावरची गाडी

ता. ४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने जोडतेस, म्हणून हे पत्र. चिंगी सुट्टीला आली आहे. आठ वर्षांची माझी नात, तब्येतीने ठणठणीत, पण प्रत्येक गोष्टीला विचारते. अंगणात जाऊ का, कुंपणाला हात लावू का, मांजराजवळ बसू का. काल तर पळू का म्हणूनही विचारलं गं.

तिच्या मनगटावर एक घड्याळ आहे. ते वेळ कमी आणि ती कुठे आहे हेच जास्त सांगतं, तेही तिच्या आईला. माझी लेक विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासते, दिवसभर मोडलेली हाडं वाचते. तिला तरी काय बोलणार! पण आपलं लहानपण आठव. बेअरिंगची चाकं लावलेल्या फळीवर बसून शाळेच्या उतारावरून सुसाट खाली. मी पुढे, तू मागे माझी कॉलर धरून. ना हेल्मेट, ना ब्रेक, ना कोणी बघायला. कुठे होतात म्हणून आईने कधी विचारलंसुद्धा नाही.

तशीच गाडी चिंगीला करून देणार आहे. उभं आयुष्य कारखान्यात लेथवर गेलं माझं, चार चाकं बसवणं म्हणजे डाव्या हातचा मळ. आमच्या गल्लीचा उतारही झकास आहे. लेकीला मात्र सांगितलेलं नाही. तिला कळलं तर ती चिंगीला पुन्हा पाठवणार नाही, आणि वर्षातून एवढी सुट्टीच तर मिळते मला.

गुडघ्याची चौकशी करू नकोस. लोभ आहेच, तो माझ्या अकलेवरही असू दे.

तुझा,
ढब्या

ता. ९ मे

चि. ढब्यास (वय वर्षं सदुसष्ट),
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून एकटीच हसले, दुकानातल्या मुली बघत राहिल्या. शाळेच्या गणवेशांची शिलाई सुरू आहे, मान वर करायला फुरसत नाही, तरी मशीन थांबवून लिहिते आहे.

कोणी बघायला नव्हतं म्हणतोस? तुझी आठवण पहिल्यापासून तुझ्या सोयीची. उतार संपतो तिथल्या वळणावर गादीवाला होता. शाळा सुटायच्या सुमारास तो कापसाची पोती बाहेर रचायचा. आपण बेधडक त्यात घुसायचो आणि तो शिव्या घालायचा. कापसाला ऊन द्यायला ठेवतो, असं तूच सगळ्यांना सांगायचास. अरे, त्या वळणावर दुपारनंतर ऊन कधी यायचं?

दूधवाल्याच्या मुलाचा हात तिथेच मोडला. तो आजही कोपरात सरळ होत नाही. त्यानंतर आई गादीवाल्याकडे गेली होती. म्हणाली, माझी दोघं काही ऐकायची नाहीत आणि मला त्यांना अडवायचंही नाही, तेवढी तुमची पोती वळणावर असू द्या. बदल्यात त्याची फाटकी पोती ती शिवून द्यायची. आपल्याला वाटायचं, हिला हौसच आहे. आई गेली तेव्हा भेटायला आलेल्या गादीवाल्याने मला हे सांगितलं. तुला बोलले नाही, कारण तू तुझ्या शौर्याच्या गोष्टी इतक्या रंगवून सांगायचास की विरजण घालावंसं वाटेना.

गाडी कर, पण आधी उताराखाली काय आहे ते बघ. आणि लेकीला स्वतः सांग. आईपासून लपवून पोरीला दिलेली मोकळीक मला पटत नाही. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन, मग बस बोंबलत.

चिंगीला पापा. माया आहे म्हणूनच कान पिळते.

तुझी,
ताई

ता. १५ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आईची बोटं सुतळीने सोललेली असायची, मी एकदाही कारण विचारलं नाही. खूप आठवण आली तिची.

गाडी झाली. इथे उताराच्या पायथ्याशी सोफे दुरुस्त करणारा आहे. त्याला गाठून जुन्या गाद्या मागितल्या. देतो म्हणाला, पण एक फेरी त्यालाही हवी अशी अट घातली. माणूस चांगला आडवातिडवा आहे. मी मुकाट्याने बेअरिंगं बदलून जाड बसवली.

चिंगीने आधी नुसता गाडीला हात लावला. मग बसली आणि रडत उतरली. मी गाडी अंगणातच राहू दिली. दुसऱ्या दिवशी आपणहून गाडी ओढत निघाली, आधी अर्ध्या उतारावरून, मग वरून. काल कोपर खरचटलं. मला वाटलं, संपलं सगळं. तर ही विचारते, खपली कधी धरेल? मैत्रिणींना दाखवायची आहे म्हणे.

लेकीला फोन करून सगळं सांगितलं, खरचटलेल्या कोपरासकट. शनिवारी चिंगीला न्यायला येते, तिची बॅग भरून ठेवा, एवढंच ती म्हणाली. बॅग भरली आहे. तू सांगितलंस ते बरोबरच होतं ताई, पण घर आत्तापासून खायला उठलंय.

रागावू नकोस, आणि रागावलीस तरी लिहीत राहा.

तुझा,
ढब्या

ता. १९ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाबांनी तुला रडगाणं लिहिलं असेलच, म्हणून पुढचं मी लिहिते. शनिवारी भांडायच्या तयारीनेच आले. वाटेत वाक्यंही जुळवून ठेवली होती. गल्लीच्या तोंडाशी उतरते तर उतारावरून काहीतरी खडखडत येत होतं. माझी चिंगी! खाली गाद्यांच्या ढिगापुढे बाबा, दुखरा गुडघा घेऊन, दोन्ही हात पसरून उभे. ती टाच घासत गाद्यांच्या बरीच अलीकडे थांबली आणि वर तिने आजोबांनाच दटावलं, तुम्ही मध्ये उभे राहता म्हणून मला लवकर थांबावं लागतं.

मी चिडले, खोटं कशाला सांगू. सोफेवाले मध्यस्थी करायला आले, त्यांना चहा दिला आणि त्यांच्यावरही चिडले. आत्या, माझ्या टेबलावर रोज अपघातांचेच कागद येतात. जे अपघात झालेच नाहीत त्यांचे कागद कोणी पाठवत नाही, हे बाबांचे ते पसरलेले हात बघून मला पहिल्यांदा सुचलं.

तरी निघायचं म्हणून मी चिंगीच्या चपला शोधायला लागले, तर त्या तिच्या पायातच होत्या. आजोबांचा साबण संपलाय, कोपऱ्यावरच्या दुकानातून आणायचाय म्हणाली. घड्याळ टेबलावर पडलेलं. घरी ही मुलगी दात घासू का म्हणूनही विचारते, त्यामुळे आता विचारेल म्हणून मी थांबले. तिने काहीच विचारलं नाही. आई, मी जाऊन येते, एवढंच म्हणाली.

मी दार घट्ट धरून उभी राहिले, पण ‘ये’ म्हणाले.

सुट्टी संपेपर्यंत ती इथेच राहील. तुझा लोभ आम्हा तिघांवर असाच असू दे, माझ्यावर सध्या जरा जास्त.

तुझी,
भाची