मशेरीला आपण तंबाखू म्हणत नव्हतो

आई, शनिवारी सकाळची शाळा सुटून मी घरी यायचे, तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच कळायचं की आज तू मशेरी भाजते आहेस. डोळे चुरचुरायला लागायचे. शेजारच्या काकू धडाधड खिडक्या लावत ओरडायच्या, "अहो, माणसं राहतात इथे!" आणि तू पदर नाकाला लावून म्हणायचीस, "तुमच्या वाटणीचीही भाजतेय, ओरडू नका." मग तीच खिडकी उघडून काकू वाटी पुढे करायच्या. तव्यावर तंबाखूची पानं काळी होताना मी उलथनं धरून उभी, गणवेशाचा टाय पाठीवर टाकलेला. थंड झालेली पूड तू गोल डबीत भरायचीस. दुसऱ्या दिवशी मागच्या दाराच्या पायरीवर तू बसलेली आहेस, शेजारी पाण्याचा तांब्या, बोट दातांवर, नजर कुठेतरी लांब. दिवसभरात तुझा स्वतःचा असा तेवढाच अर्धा तास होता, हे मला फार उशिरा कळलं. सोमवारी प्रार्थनेच्या रांगेत सिस्टरांनी माझी बाही हुंगली. "घरी सिगारेट कोण ओढतं?" कुणीच नाही, मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

इथे ऑकलंडमध्ये अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात मेथीची जुडी हातात घेतली की तू आठवतेस. जुडी उलटी करून मुळं बघायची तुझी सवय मला लागली आहे. सोबत नात असते. ती माझं मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीतून देते. "आजी, हॅट!" एवढाच तिचा धोशा. तिच्या शाळेत टोपी नसेल तर मधल्या सुट्टीत सावलीतच बसावं लागतं. इथलं ऊन दिसायला कोवळं, पण कातडीला वाईट. पहिली कितीतरी वर्षं मी म्हणायचे, आपण सावळी माणसं, आपल्याला काय होतंय? आता क्रीम लावते, टोपी घालते. ही लोकं कॅन्सरबद्दल बोलतात ते बाजारहाटाबद्दल बोलावं तसं, मधूनमधून, आवाज न उतरवता. भाज्या खा, चाला, दारू कमी, सॉसेज कमी, तपासण्या चुकवू नका. मला ऐकताना गंमत वाटते. यातलं बहुतेक सगळं तू करत होतीस. डाळ, भाकरी, पालेभाजी. देवळापर्यंत चालत जाणं, चालत येणं. दारूचा तर वासही नाही. टोपी नव्हती, पण पदर होता. मग तुलाच का, असं मी किती वर्षं देवाला विचारत होते!

देवाला कशाला, मला माहीत होतं. तुझ्या गालाच्या आत ती जखम भरेना, म्हणून तुला मोठ्या इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू खाता का?" तू चक्क लाजलीस. "छे हो! आमच्यात बायका कुठे तंबाखू खातात?" त्यांनी तसं लिहून घेतलं. मी शेजारीच उभी, तुझी पिशवी धरून, आणि पिशवीत ती डबी. पण मलाही तेव्हा वाटलं नाही की हे सांगायला हवं. तंबाखू म्हणजे चौकातले पुरुष, मळलेला चुना, पिचकारी. मशेरी म्हणजे दात घासणं. असं कसं वाटलं असेल गं, मी तर पानं डोळ्यांनी बघितली होती! सांगितलं असतं तर काही बदललं असतं का, तेही कळत नाही. उशीर झालाच होता. पण तू शेवटपर्यंत मशेरी लावत राहिलीस, आणि ती कुणी तुझ्या हातातून काढून घेतली नाही.

मागच्या आठवड्यात इथल्या हेन्डरसन भागात दात दाखवायला गेले होते. दातांची डॉक्टर नवीन आहे, नाशिकची, इथे शिकायला आली आणि राहिली. आरशाने गाल बाजूला करून बघता बघता तिने दिवा जवळ ओढला. एक पांढरा डाग आहे म्हणाली, घाबरू नका, पण परत बघावा लागेल. मग विचारलं, "काकू, सिगारेट? तंबाखू?" इतकी वर्षं इथल्या प्रत्येक डॉक्टरला मी देते तेच उत्तर दिलं, नाही. तिने लिहिलं नाही. पेन तसंच धरून म्हणाली, "आणि मशेरी? माझी आजी म्हणायची, तंबाखू नाही गं, मी तर दात घासते." मला हसू आलं. या देशात हे मला कधी कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हणाले, "नाही गं बाई." या वेळी मात्र ते खोटं होतं. रांगेतली ती बाही आठवली, आणि साठी उलटलेली मी सातवीतल्या मुलीसारखी खाली बघत बसले. ती एवढंच म्हणाली, "असली तर सांगा हं. ज्या दिवशी सोडाल, त्या दिवसापासून फायदा आहे."

खरंच असेल का तसं? इतक्या वर्षांनीही? ती मुलगी थापा मारणारी वाटत नाही.

उद्या सकाळी तो डाग दाखवायला परत तिच्याकडे जायचं आहे. म्हणून आज वाटण्या करून ठेवते. तुझा तवा माझ्याकडेच राहील. घासून घासून त्याचा वास गेला आहे आणि त्यावर भाकरी चांगली फुगते. माझी रुंद काठाची टोपी नातीला, तिच्या डोक्याला होईल तेव्हा. तुझी धाकटी लेक तिकडे अजून लावते आणि माझी पूडही भरून पाठवते, तिला फोन, आजच, आणि आधी माझं सांगायचं, मग तिचं. ही डबी नाशिकच्या मुलीला. तिच्या टेबलावर ठेवीन आणि म्हणेन, हे माझं उत्तर.

तू गेल्यावर मी मशेरी सोडली असं सगळ्यांना सांगितलं होतं ना, सोडली नव्हती. रोज सकाळी न्हाणीघराचं दार लावून, तुझ्याइतकाच अर्धा तास. आज सकाळीसुद्धा. डबीत अजून चार दिवसांची आहे; ती तशीच, रिकामी न करता देईन.